कन्सिल फिटिंग

आमच्या भाऊजींना भिंतीवर पाइप दिसलेला चालत नाही. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी त्यांची नजर भिंतींवरून फिरते आणि एखादा पाइप उघडा दिसला की त्यांचा चेहरा असा होतो, जणू घरमालक बनियनवर लग्नाला आला आहे. चहाचा कप हातात येईपर्यंत ते कसेबसे थांबतात आणि मग म्हणतात, “आजकाल कन्सिल फिटिंग असते. काम असं पाह्यजे का दिसलंच नाही पाह्यजे.” कन्सिल म्हणजे भिंत फोडून पाइप आत घालायचा, वरून प्लास्टर मारायचं आणि तिथे काही होतं हे विसरून जायचं. या शब्दाची मला आता इतकी चीड आली आहे की हार्डवेअरच्या दुकानाच्या पाटीवर तो दिसला तरी मी गाडी पुढे काढतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात बोरी अरबला, नळफिटिंगची कामं घेतात दारव्हा, नेर, कधी यवतमाळपर्यंत. हाताला उरक आहे, बोलणं गोड आहे, व्यसन नाही. अडचण एकच, ते आमचे जावई आहेत.

ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत बाबा नेरच्या घराच्या ओट्यावर कुणाशी तरी बोलत बसले होते. समोरच्यानं विचारलं, जवाई काय करतात? बाबा हसून म्हणाले, “कायचे जवाई, नळवाले आहेत.” बाबा बाजार समितीत मापारी होते. उभा जन्म लोकांचा कापूस आणि सोयाबीन तोलण्यात गेला, त्यामुळे मनात येईल ते वजनासकट बोलून टाकायची सवय. भाऊजी मागे दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. जेवले, ओवाळून घेतलं, ताईला घेऊन गेले आणि पुढची चार वर्षं आमच्या उंबरठ्यावर पाय ठेवला नाही. ताईलाही येऊ दिलं नाही. नेरहून एक गाडी बदलली की बोरी अरब येतं, पण ती चार वर्षं ते परदेशापेक्षा लांब होतं. राखीला मी जाऊन यायचो आणि परत आलो की आई एवढंच विचारायची, “येतो म्हने का?” मी बूट काढत राहायचो.

शेवटी भाचीच्या बारशाला बाबा स्वतः गेले. चार पाहुण्यांसमोर त्यांनी भाऊजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “जवाईबापू, माही जीभ लांब आहे. माफ करा.” असं बाबांनी कुणालाही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. ताई पुढच्याच आठवड्यात लेकराला घेऊन माहेरी आली. त्या दिवसापासून दूधवाल्यापासून नगराध्यक्षापर्यंत सगळ्यांना फैलावर घेणाऱ्या आमच्या बाबांनी भाऊजींच्या कामाबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. भाऊजींनी खिळा ठोकला तरी “व्वा, जवाईबापू!”

हे सगळं सांगितलं, कारण याशिवाय आमच्या मधल्या खोलीचं काय झालं ते कळणार नाही.

नेरचं घर आजोबांनी बांधलेलं. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, त्यावर फळ्यांचा माळा, वर टीन. आई-बाबा दोघंच तिथे राहतात. मी नोकरीमुळे यवतमाळला. सहा वर्षांपूर्वी आईचे गुडघे बोलायला लागले. न्हाणी मागच्या अंगणात होती आणि एकदा पावसाळ्यात तिथे जाताना ती घसरून पडली. भाऊजींनी ऐकलं आणि स्वतः होऊन म्हणाले, मी आत बाथरूम करून देतो, आईंना पायरी उतरायची गरज नाही. बाबांचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही.

आमच्याकडे नळ कधी पाच दिवसांनी येतो, कधी आठ. तेव्हा टाकी हवी. भाऊजींनी हजार लिटरची टाकी चढवली थेट माळ्यावर. मी फोनवर म्हटलं, “भाऊजी, लाकडावर एवढं वजन?” ते मला साहेब म्हणतात. मी सरकारी कार्यालयात कारकून आहे, पण त्यांच्या तोंडी तो शब्द असा येतो की माणसानं राजीनामा द्यावा. “साहेब, सागवान आहे थे. तुमच्या ऑफिसची बिल्डिंग पडन, पन हे नाही पडत.” मागून बाबांचा आवाज आला, “हाव, हाव.” आमच्या जिल्ह्यात माणसावर संशय घेता येतो, सागवानावर घेता येत नाही. मी फोन ठेवला.

रविवारी गेलो तर काम संपलेलं. मधल्या खोलीची भिंत पांढरीशुभ्र. भाऊजी कमरेवर हात ठेवून उभे. “सांगा पाहू, पाइप कुठी आहे?” आणि आम्ही, म्हणजे मी, आई, बाबा, ताई, सगळे भिंतीवर बोटांनी टकटक करत तो शोधायला लागलो. सापडला नाही. बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण त्यांत माझ्याही होत्या.

पाइप कुठे होता ते मागाहून कळलं. माळ्यावरच्या टाकीपासून बाथरूमपर्यंतच्या सरळ वाटेत मधल्या खोलीच्या तुळईचं टोक येत होतं. तुळई तिथे भिंतीत टेकलेली. वळसा घालायचा तर पाइप बाहेर दिसला असता. म्हणून भाऊजींनी छिन्नी घेतली आणि तुळईचं टोक निम्मं कापून पाइपला वाट करून दिली. आणि पाइपचा जोड आला तो नेमका त्या खाचेत.

चार महिन्यांत तिथे तळहाताएवढी ओल उमटली. भाऊजी आले, हात लावून पाहिला, वास घेतला. डॉक्टर नाडी बघून जसा लांबून बोलतो तसे म्हणाले, “जोडावर धागा-सफेदा बरोबर मारला आहे. सुरुवातीले पाझरते थोडं. आपलं पानी खारं आहे ना. क्षार धरला का आपोआप बंद होते.”

आता आमच्याकडचं पाणी खारं आहे, हे खरंच. नळाच्या तोंडावर पांढरे थर बसतात, चहाचं भांडं आतून चुनखडीचं होतं. म्हणून ते पटण्यासारखं वाटलं. आम्ही क्षाराची वाट पाहायला लागलो. अहो, जगात कुठे गळकी वस्तू स्वतःच स्वतःला दुरुस्त करते? पण मी यवतमाळहून फोन करायचो आणि आईला चक्क विचारायचो, “क्षार धरला का?” जणू काही भिंतीला दिवस गेले होते. आई म्हणायची, “नाही रे अजून. नळ आला का दोन दिवस भिंत ओली राह्यते. मंग सुकते.”

टाकी भरली की जोडावर जोर यायचा आणि ती उतरली की कमी व्हायचा. हे शेंबड्या पोराला कळेल. पण भाऊजी यायचे ते नेमके भिंत सुकल्यावर. हात लावून म्हणायचे, “पाहा, कमी होऊन राह्यलं.” आणि बाबा म्हणायचे, “व्वा.”

ओल पसरली तशी आईनं त्यावर कॅलेंडर टांगलं. ओल कॅलेंडरच्या बाहेर आली. तिनं शेजारी दुसरं टांगलं, किराणा दुकानातून मिळालेलं. मग तिसरं. एका भिंतीवर तीन कॅलेंडरं, त्यांतलं एक मागच्या वर्षीचं. पाहुणे तिथी बघायला उठायचे आणि गोंधळून परत बसायचे. दिवाळीला पोपडे खरवडून वरून रंग मारला जायचा, आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा फुगायचा.

एकदा मी सगळ्यांच्या पंगतीत विषय काढला. भाऊजी जेवत होते. मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, “भाऊजी, एकदा फोडून बघायचं का ते?” भाऊजींचा घास थांबला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चाळीस वर्षांचा होतो तो बारा वर्षांचा झालो. ताईची मान ताटात. बाबा म्हणाले, “याले काय समजते त्यातलं? ऑफिसात बसते दिवसभर. तुमी घ्या, जवाईबापू, भजे घ्या.” मी वाटीतली कढी प्यायलो आणि पुन्हा तो विषय काढला नाही. माझं काम तिथे संपलं असं मी समजलो, आणि त्याबद्दल मला स्वतःचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मग बाथरूमचा दरवाजा लागेनासा झाला. भाऊजी म्हणाले, लाकूड फुगलं, आणि रंधा मारून दिला. सहा महिन्यांनी पुन्हा अडकायला लागला. पुन्हा रंधा. दरवाजा फुगला नव्हता. वरची तुळई खाली बसत होती आणि चौकट दाबत होती. आम्ही मात्र दरवाजाच छिलत होतो.

याच सुमारास बाबांनी खाटा बदलल्या. मधल्या खोलीत दोन खाटा बसतात, मध्ये जेमतेम चालायला जागा. आईची खाट बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला होती. तिच्यासाठीच तर एवढा उपद्व्याप केला होता. बाबांची खिडकीखाली. एका रविवारी गेलो तर आई खिडकीखाली आणि बाबा भिंतीकडे. मी विचारलं, “हे काय?” बाबा म्हणाले, “खिडकीतून माह्या कानात वारं भरते.” म्हणजे जिच्या गुडघ्यांसाठी बाथरूम आत आणलं, ती आता पूर्ण खोली ओलांडून तिथे जाणार, कारण यांच्या कानात वारं भरतं! मी त्या दिवशी बाबांशी भांडलो. स्वार्थी म्हणालो नाही, पण तोंडापर्यंत आलं होतं. आई म्हणाली, “जाऊ दे ना बापा, मले काही तरास नाही.” बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

यंदा दिवाळी झाल्यावर तो दरवाजा पार अडकला आणि आई आतच राहिली. शेजाऱ्यानं धक्के मारून उघडला. मला फोन आला तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. यवतमाळचा एक म्हातारा सुतार माझ्या ओळखीचा आहे, जुन्या घरांची लाकडं बघणारा. त्याला घेऊन गेलो. घरी सांगितलं, रंगाचा अंदाज घ्यायला माणूस आणतोय. आपल्याच घरात खोटं बोलून सुतार न्यावा लागतो, यावरून काय ते समजा.

सुतारानं तिन्ही कॅलेंडरं काढली. छिन्नीच्या मुठीनं तुळईवर ठोकत ठोकत तो भिंतीकडे आला. आवाज आधी टणक होता, मग बसका झाला, मग आलाच नाही. त्यानं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून टोकाशी टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

“टाकी खाली करा,” तो म्हणाला. “आत्ताच. वरचं वजन उतरवा आधी.”

“हळू बोला,” बाबा म्हणाले.

सुतारानं वर बघितलं, खाली बघितलं. तुळईच्या त्या टोकाखाली बरोबर बाबांची उशी होती. “इथी कोन झोपते?”

“मी.”

“कोनाले माहीत नोतं का हे?”

बाबांनी दाराकडे पाहिलं, आई स्वयंपाकघरातच आहे ना याची खात्री केली, आणि गादीखालून एक वस्तू काढली. छत्रीची काडी. एका बाजूला खिळ्यानं ओरखडे काढलेले. “तीन वर्षं झाले पाहून राह्यलो,” ते म्हणाले. “नळ येऊन गेला का कॅलेंडर सरकवून आत घालून पाहातो. आधी दोन बोटं जाये. मंग चार. औंदा वीतभर.”

मापारीच तो. त्यानं रोग बरा केला नाही, मोजला. मी त्या काडीवरचे ओरखडे बघत राहिलो आणि मग माझी नजर खाटांकडे गेली. खिडकी, वारं, कान.

“मंग खाट रिकामी तं ठेवायची,” मी शेवटी ओरडलोच. “दोघंही पुढच्या खोलीत झोपायचं होतं!”

“मधली खोली काहून सोडली, असं जवाई विचारतीन ना,” बाबा म्हणाले. अगदी साधेपणानं. भाऊजींना ते नेहमी टाकी रिकामी व्हायच्या बेतालाच का बोलावत होते, तेही मला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

मी बाबांना न विचारता ताईला फोन केला. दोन तासांत दोघंही मोटारसायकलवर हजर. तोवर आम्ही टाकी खाली केली होती आणि सुतारानं बल्लीचे दोन टेकू लावले होते. भाऊजी आत आले. ते काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले.

“जवाईबापू, सागवानच खराब निघालं पाहा. आमच्या बापाले त्या टालवाल्यानं फसवलं होतं.”

साठ-सत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या लाकूडवाल्यावर आळ! मला हसू आलं आणि त्याच वेळी कुणाला तरी धरून हलवावंसं वाटलं. भाऊजींनी हातोडीनं प्लास्टर पाडलं. त्यांचीच खाच, त्यांचाच जोड. तुळईला बोट लावलं तर चहात भिजलेल्या टोस्टासारखा तुकडा हातात आला. जोडावर क्षार मात्र छान धरला होता, पांढरा, जाड. त्याखालूनही पाणी ठिबकतच होतं.

भाऊजींनी तो तुकडा बोटांत चुरडला. मग उशीकडे पाहून म्हणाले, “इथी कोन झोपते?”

आई दारात आली होती. टाकी, टेकू तिनं पाहिले होते, पण खाटांमागचं तिला काहीच माहीत नव्हतं. “आधी मी झोपत होती,” ती म्हणाली. “मंग यायनं खाटा बदलल्या. यायच्या कानात वारं भरते.”

भाऊजी खाली बसले, प्लास्टरच्या ढिगाऱ्याशेजारीच. “बाबा, मले काहून नाही सांगतलं?”

बाबा काडीवरून अंगठा फिरवत होते. “सांगतलं असतं. अन् पुन्हा चार वर्षं नाही आले तुमी, तं? आता चार वर्षं कोनापाशी आहेत?”

उत्तर दिलं ते ताईनं, आणि ती चिडली होती. “बाबा, तवा मी नवी होती. आता यायनं नाही म्हटलं तं मी एकटी येऊ शकत नाही का? एसटी बंद झाली का? छत पडू देत होते तुमी!” आणि ती रडायला लागली. आईला अजूनही कळलं नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. कळलं तेव्हा ती बाबांना एवढंच म्हणाली, “कान दुखते म्हनून मी रोज तेल गरम करत होती.”

दुरुस्तीला पंधरा दिवस लागले. आई-बाबा यवतमाळला माझ्याकडे राहिले आणि बाबांनी माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवली. टाकी मागच्या अंगणात लोखंडी स्टँडवर गेली. तुळईचं कुजकं टोक कापून सुतारानं नवं सागवान जोडलं आणि खाली लोखंडी चॅनेल घातलं. भाऊजी सगळे दिवस तिथेच होते, सुतार सांगेल ते उचलत. बाथरूमचा नवा पाइप त्यांनी भिंतीवरून, सगळ्यांना दिसेल असा नेला. पट्ट्या ठोकल्या, त्याही वाकड्या. मी त्याबद्दल काही बोललो नाही. बाबांनी आल्या आल्या त्यावर आपला दुपट्टा वाळत घातला.

त्या दिवशी भाऊजींनी आईची खाट स्वतः उचलली आणि तिच्या जुन्या जागी, बाथरूमच्या भिंतीला लावली. मग चपला काढून तिच्यावर आडवे झाले, डोकं बरोबर तुळईच्या टोकाखाली. “साहेब,” ते मला म्हणाले, “माळ्यावर जा अन् चाला.”

मी वर गेलो. चाललो. “असं नाही,” खालून आवाज आला, “जोरात.” मी पाय आपटले. “अजून!” मग मात्र मी मागेपुढे पाहिलं नाही. सहा वर्षांचा क्षार, तीन कॅलेंडरं, दोनदा रंधा मारलेला दरवाजा, ती कढीची वाटी, सगळं मनात आणून मी जावयाच्या डोक्यावर धाडधाड नाचलो. खालून बाबा ओरडत होते, “अरे हळू, हळू! जवाई आहेत खाली!” फळ्यांच्या फटीतून मी पाहिलं. भाऊजींच्या तोंडावर धूळ पडत होती आणि ते डोळे न मिटता तुळईकडे बघत होते.

मी दमून खाली आलो तेव्हा ते उठून बसले होते. डोळे लाल झाले होते, धुळीनं असतील. त्यांनी चादर झटकली, पुन्हा घातली, उशी नीट ठेवली आणि आईकडे न बघता म्हणाले, “झोपा आता इथी.”

सकाळचे अकरा वाजले होते. शेगडीवर वरण होतं. आईनं हात पदराला पुसले, गॅस बारीक करायला ताईला सांगितलं, आणि जाऊन झोपली.